शास्त्रज्ञ, सरकार व शेतकरी : डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्या कार्याचा बोध

सरकारने शेतीविषयी एखादा नवा कायदा केला किंवा नवी योजना जाहीर केली म्हणजे गावोगावी दोन प्रकारची चर्चा सुरू होते. एक पक्ष म्हणतो की, कचेरीत बसून कागद रंगविणाऱ्यांना शेताचे काय कळते? दुसरा पक्ष म्हणतो की, तज्ज्ञ मंडळींनी विचार करूनच हे ठरविले असेल; आपण त्यात तोंड का घालावे? आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच घातक आहेत. पहिला पक्ष शास्त्राचा लाभ घालवितो आणि दुसरा पक्ष स्वतःचा अधिकार घालवितो. शास्त्राचा शोध कोठे संपतो, सरकारचे धोरण कोठे सुरू होते आणि या दोहोंच्या मधल्या जागेत शेतकऱ्याने काय केले पाहिजे, याचा विवेक आपण केला नाही, तर चांगले शास्त्र हाती असूनही वाईट कायदा पदरी पडतो. असे आपल्याच मुलखात घडले आहे.

हा विषय केवळ तत्त्वरूपाने मांडण्यापेक्षा एका विद्वानाच्या कार्याच्या आधारे मांडणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य व पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक डॉ. हॅरोल्ड मॅन हे ते विद्वान होत. प्रयोगशाळा, महाविद्यालय आणि सरकारी खाते या तिन्ही ठिकाणी त्यांनी काम केले, आणि त्यांनी काढलेल्या निष्कर्षांपैकी काहींचे पुढे कायदे झाले. त्या कायद्यांखाली आपण आजही नांदत आहोत. म्हणून त्यांच्या कार्याचा विचार हा आपल्याच दप्तराचा विचार आहे.

डॉ. मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडातील यॉर्क शहरी झाला. लीड्स येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काही काळ अभ्यास करून ते वोबर्न येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर रसायनतज्ज्ञ म्हणून राहिले. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले, आणि १९०७ साली पुण्यास शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. येथवरची हकीकत त्या काळच्या कोणाही विद्वान इंग्रज अधिकाऱ्याची असावी तशीच आहे. परंतु या गृहस्थांस दुसरीही एक खोड होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बेडफर्डशायर परगण्यातील रिजमंट या खेड्यात घरोघर चौकशी करून तेथील शेतमजुरांच्या दारिद्र्याची त्यांनी मोजदाद केली होती. माती तपासावी तशी घरची चूलही तपासली पाहिजे, हा त्यांचा परिपाठ इंग्लंडातच पडला होता. पुण्यास आल्यावर त्यांनी तोच परिपाठ दख्खनच्या खेड्यास लावला.

पुण्याजवळ पवना नदीकाठी पिंपळे सौदागर हे गाव आहे. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत व नांगर कोठे दिसणे कठीण. परंतु शंभर वर्षांपूर्वी ते चारचौघांसारखे कुणब्यांचे गाव होते. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे इत्यादी आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन डॉ. मॅन यांनी या गावाची जमीन, पाणी, पिके, गुरे, अवजारे, कर्ज आणि घरखर्च यांची तपासणी केली, आणि ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या गावी पेशवाईत १७७१ साली एका खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. जमिनीचे केवळ वाटे झाले एवढेच नव्हे, तर प्रत्येक वाटा पुन्हा निरनिराळ्या ठिकाणी विखुरला गेला. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ वेगवेगळे तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून कमी होते, आणि ११२ तुकडे तर पाव एकराच्याही आत होते. एकाच्या पाच ठिकाणच्या पाच पट्ट्या, त्यांना जाण्यायेण्याचा वेळ, बांधांत वाया जाणारी जमीन, एकेका पट्टीत विहीर पाडण्याची अशक्यता, शेजाऱ्याशी नित्याची कटकट, या गोष्टी शेतकऱ्यास नव्या नव्हत्या. परंतु त्यांची गणती कोणी केली नव्हती, व गणती नसल्यामुळे सरकारदरबारी ती नुसती तक्रार ठरत असे.

त्याहून मोठा धक्का घरखर्चाच्या हिशेबाने दिला. गावातील १०३ कुटुंबांपैकी केवळ शेतीवर ज्यांचे ठीक भागत होते अशी कुटुंबे ८ निघाली. पुण्यातील मोलमजुरी व इतर बाहेरची कमाई जमेस धरून ज्यांचे भागे अशी आणखी २८ निघाली. उरलेल्या ६७ कुटुंबांची मिळकत खर्चास पुरत नव्हती. हे गाव तर शहराच्या जवळचे. म्हणून डॉ. मॅन यांनी कानिटकरांना बरोबर घेऊन शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी केली व ती १९२१ साली प्रसिद्ध केली. तेथे अशा तोट्यातील कुटुंबांचे प्रमाण शेकडा ८५ पर्यंत गेले. शेतकरी आळशी आहे, उधळ्या आहे, लग्नकार्यात पैसा घालवितो म्हणून तो कर्जबाजारी होतो, असे त्या काळी अधिकाऱ्यांच्या तोंडी सर्रास असे. शेतीच मुळात कुटुंबाला पुरी पडत नाही, ही गोष्ट खुद्द सरकारी नोकरीतील एका विद्वानाने अंकांनिशी मांडल्यावर त्या बोलण्यातील हवा निघून गेली. विद्वानाने सरकारजवळ राहून रयतेची जी मोठ्यात मोठी सेवा करावी, ती हीच होय, असे आम्ही समजतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डॉ. मॅन व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासातून निघालेल्या तीन गोष्टी आपल्या शेतीच्या धोरणापर्यंत पोचल्या. पहिली कालव्याखालील खारवट जमिनींची, दुसरी कोरडवाहू शेती व बांधबंदिस्तीची आणि तिसरी जमिनीच्या तुकड्यांची. तिन्हींची गती निरनिराळी झाली, व का झाली हे पाहण्याजोगे आहे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पाणी आले तसा ऊस आला, उसामागून पैसा आला, आणि काही वर्षांत बारामतीकडील काळ्या जमिनीत पांढरे फूल दिसू लागले. डॉ. मॅन व ताम्हणे यांनी या जमिनींची तपासणी करून १९१० साली पत्रिका प्रसिद्ध केली. कालव्याची पाझर आणि भरमसाट पाणी यांमुळे जमिनीखालचे पाणी वर चढते. निचरा नसला म्हणजे ते तेथेच कोंडते. उन्हाने वरचे पाणी उडून जाते व क्षार मागे राहतो. यावर उपाय म्हणजे पाणी बेताने देणे व चर काढून निचरा करणे. या निदानात पुढे फारसा बदल करावा लागलेला नाही. परंतु पाण्याची पट्टी पीक व क्षेत्र पाहून आकारण्याची पद्धत चालूच राहिली. एकदा एकरी आकार भरला की, पाणी जास्त घेणाऱ्यास तोटा नाही व बेताने घेणाऱ्यास लाभ नाही, अशी ती व्यवस्था. पाणीवापर संस्थांच्या हाती पाणी मोजून देण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात २००५ साली आली. निदान १९१० चे आणि औषध २००५ चे! मधल्या ९५ वर्षांत किती उत्तम जमीन चोपण झाली असेल, याचा विचार कालव्याकाठच्या वाचकांनीच करावा. येथे शास्त्र बरोबर होते. परंतु पाणी विकणारे खाते एक आणि जमीन तपासणारे खाते दुसरे, आणि ज्याची जमीन बिघडली तो शेतकरी दोन्हींच्या बाहेर, अशी स्थिती असल्यामुळे शोध कागदावरच थांबला.

दुसरी हकीकत अधिक समाधानाची आहे. डॉ. मॅन संचालक असतानाच १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांस आरंभ केला. १९३३ साली शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती मंडळाच्या साहाय्याने सोलापूर व विजापूर येथे या कामाची केंद्रे उघडली. पावसाचे पाणी बांधाने अडविणे, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट करणे, शेणखत घालणे, ओळींतील अंतर वाढवून बी कमी वापरणे, आणि कोळपण्या अधिक देऊन ओल राखणे, असा क्रम या केंद्रांवर वर्षानुवर्षे करून पाहिला गेला. शेजारच्या गावचे लोक बांधावर उभे राहून दोन्ही ज्वाऱ्या पाहू शकत होते. त्यानंतर १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला, व गावोगावी ताली पडू लागल्या. त्या कायद्यात योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती ऐकून घेण्याची सोय ठेवली होती. बांधबंदिस्तीचे काम निर्दोष झाले असे आमचे म्हणणे नाही. खोल काळ्या रानात समपातळी बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडे आणि मोठ्या पावसात बांध फुटत. तेथे पाण्यास उताराने वाट देणारे बांध पाहिजेत हे मागाहून उमगले. तसेच समपातळीची रेघ मालकीची हद्द ओळखीत नसल्यामुळे एकच बांध पाच जणांच्या पट्ट्यांतून तिरपा जाई, व मग प्रत्येकाची कुरकुर होई. तरीसुद्धा पाणी अडविले पाहिजे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याने मनापासून स्वीकारली, याचे कारण ती त्याने कायद्याच्या आधी शेतात पाहिली होती.

तिसरी हकीकत तुकड्यांची, व ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरची आहे. डॉ. मॅन यांच्या आधीचे शेतकी संचालक कीटिंग यांनी १९१२ सालच्या आपल्या ग्रंथात कुटुंबाचे नीट भागेल एवढ्या जमिनीची कल्पना मांडली होती. एकसलग ४० ते ५० एकर बरी जमीन, तीत निदान एक चांगली विहीर आणि राहते घर, असे त्यांचे आदर्श चित्र होते. पिंपळे सौदागरचे अंक बाहेर येताच या विचारास मोठा जोर आला. कोणतेही शेत ठरावीक मापाहून लहान होऊ देऊ नये, असा विचार सरकारात घोळू लागला, आणि १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात लहान धारणांसंबंधीचे बिल पुढे आले. त्याला चोहोंकडून विरोध झाला. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी त्याच कौन्सिलात त्यावर टीका केली. त्यांनी १९१८ साली या विषयावर निबंध लिहिलाच होता. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर लावावयास बैल, अवजारे व भांडवल किती आहे यावर ते ठरते. आणि जमिनीवर माणसांचा भार का वाढला हे न पाहता वाटे बंद केले, तर वाट्यावाचून राहणारे भाऊ भूमिहीन मजूर होतील, असा त्यांचा मथितार्थ होता. लहान पट्टीवाल्यांची सहकारी शेती हा मार्ग त्यांनी सुचविला. अखेर ते बिल मागे घेण्यात आले.

पुढे १९४७ साली तुकडे पाडण्यास प्रतिबंध व धारणांचे एकत्रीकरण यांचा कायदा झालाच. एकत्रीकरणाने सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. काही गावांत त्याचा लाभ झाला. परंतु कित्येक गावांत कोणाची काळी जमीन जाऊन माळ पदरी आला, कोणाच्या ताब्यात एक क्षेत्र व उताऱ्यावर दुसरे असे झाले, आणि त्या भांडणांची दप्तरे अजून बंद झालेली नाहीत. तुकडेबंदीचे तर विचारूच नये. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, बांध पडतात. फक्त सातबाऱ्यावर सामाईक नावे राहतात. मग कर्ज काढताना सर्वांच्या सह्या, विहिरीस वीज घेताना सर्वांच्या सह्या, नुकसानभरपाई आली तरी सर्वांच्या सह्या. जो तुकडा शेतात पडला तो कायद्याने कागदावर येऊ दिला नाही, एवढेच त्याचे फळ.

आणि आज स्थिती काय आहे? शेतीच्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका धारणेचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर झाले. म्हणजे सुमारे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांच्या आसपास. हे सर्व तुकडेबंदीचा कायदा अमलात असताना घडले. २०२३ साली सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिराईत जमिनीचे किमान क्षेत्र २० गुंठे आणि बागाईत जमिनीचे १० गुंठे ठरविले. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. १९१७ साली डॉ. मॅन यांनी ज्या मापाखालील तुकडे दुर्दशेची कमाल म्हणून वेगळे मोजले, नेमके तेच माप आज बागाईत जमिनीची कायदेशीर मर्यादा झाले आहे. सरकारने हे करावयास नको होते असे आम्ही म्हणत नाही. वस्तुस्थिती कायद्यापुढे निघून गेली होती व कायद्यास तिच्या मागे यावे लागले. परंतु शंभर वर्षे ज्या रोगाचे नाव आपण घेत आहो, त्यावरील औषध लागू पडले नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

तिन्ही हकीकती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. निदान तिन्ही ठिकाणी खरे होते. फरक पडला तो निदान आणि कायदा यांच्या मधल्या पायरीत. बांधबंदिस्तीच्या बाबतीत ही पायरी मांजरी, सोलापूर व विजापूर येथे बांधली गेली; म्हणून कायदा लोकांस मानवला, आणि जेथे ती एका प्रकारच्या जमिनीपुरतीच बांधली होती तेथे कायदाही लंगडला. खारवट जमिनीच्या बाबतीत तपासणी झाली, पण तिला खात्यांच्या कारभारात हात घालता आला नाही. तुकड्यांच्या बाबतीत मोजणी झाली आणि एकदम कायदा झाला. मधे कोणत्याही चार गावांत दहा वर्षे करून पाहण्याचा उद्योग कोणी केला नाही. भावांच्या वाटण्या न होऊ देता त्यांची पोटे कशी भरावी, ज्याचा वाटा गेला त्यास मोबदला कोणी द्यावा, मुलीबाळींचा हक्क कसा राखावा, एकत्र कसण्याचा हिशेब कसा ठेवावा, हे प्रश्न अंकांच्या कोष्टकात नव्हते. ते शेतात व घरात होते, व तेथे ते कायद्याच्या आधी विचारले गेले नाहीत.

याचा दोष डॉ. मॅन यांच्याकडे जातो असे आम्हांस वाटत नाही. मोजणाऱ्याने खरे मोजले. रोग आहे हे सांगितले. परंतु विद्वानाच्या अंकांमध्ये एक मोह असतो. ते इतके स्वच्छ असतात की, राज्यकर्त्यास वाटते, उपायही तितकाच स्वच्छ असेल. ७२९ तुकडे आहेत ना, मग तुकडे बंद करा! परंतु तुकडा हा रोग नसून लक्षणही असू शकतो, आणि लक्षण दाबून रोग हटत नाही. जमिनीवर जगणाऱ्यांस दुसरा उद्योग नाही, हे मूळ दुखणे १९१८ च्या निबंधात सांगितले होते. तिकडे लक्ष कमी गेले; कारण कारखाने काढण्यापेक्षा कलम लिहिणे सोपे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, प्रत्येक गोष्ट दहा वर्षे करून पाहावयाची तर राज्य कसे चालेल? दुष्काळ, कीड, भावाची घसरण ही संकटे वाट पाहत नाहीत. आक्षेप खरा आहे. संकटकाळी सरकारने तातडीचा हुकूम काढावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु जमिनीची मालकी, वारसा, पाण्याची वाटणी आणि बाजाराची रचना हे प्रश्न एका हंगामाचे नव्हत. त्यांत केलेली चूक पिढ्यान् पिढ्या फिटत नाही. तेथे घाईने वाचलेली दोन वर्षे मागाहून कचेरीच्या पायऱ्यांवर वीस वर्षे होऊन फेडावी लागतात. दुसरा आक्षेप असा की, शेतकऱ्यास विचारले तर तो नेहमी जुन्यास चिकटून राहणार. याला उत्तर बांधबंदिस्तीने दिलेच आहे. शेतकरी नव्यास भीत नाही; न पाहिलेल्यास भितो, आणि त्याच्या जागी कोणीही भ्याला असता.

आता थोडे आपल्या कर्तव्याविषयी. पिंपळे सौदागरच्या शंभरावर कुटुंबांनी आपले कर्ज, आपले धान्य आणि आपला खर्च परक्या माणसांपुढे मांडला म्हणून ती पाहणी होऊ शकली. आज आपण काय करतो? मोजणीदार आला की उत्पन्न कमी सांगतो, अनुदानाचा अर्ज असला की क्षेत्र जास्त सांगतो, आणि पीकपाहणी नोंदविण्याचे काम शेजाऱ्यावर सोपवितो. केंद्र सरकारचा कृषिमूल्य आयोग ज्या उत्पादनखर्चाच्या आधारे हमीभावाची शिफारस करतो, तो खर्च निवडक शेतकऱ्यांच्या घरच्या नित्याच्या जमाखर्चावरून काढलेला असतो. त्या वहीत घरच्या माणसांची मजुरी, बैलांचा चारा व स्वतःच्या जमिनीचा खंड लिहिलाच नाही, तर खर्च कमी दिसणार, आणि मग भाव कमी ठरला म्हणून ओरडण्यात अर्थ काय? शास्त्र आपल्या बाजूने बोलावे असे वाटत असेल, तर त्यास खरी सामग्री पुरविणे हे आपले काम आहे.

शेतकरी संघाने या बाबतीत पुढील मागण्या धराव्या, असे आम्ही सुचवितो.

पहिली, जमीन, पाणी किंवा बाजार यांविषयी कायमचा कायदा करण्यापूर्वी निरनिराळ्या जमिनीच्या व निरनिराळ्या पर्जन्यमानाच्या निदान काही गावांत तो प्रयोगादाखल करून पाहावा, आणि त्याचा वृत्तांत मराठीत छापून गावोगावी पाठवावा. कोकणातील वरकस, घाटमाथ्याची तांबडी, सोलापूरची काळी आणि विदर्भातील कापसाची जमीन यांना एकच माप लावू नये.

दुसरी, राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील कृषी विद्यापीठांनी केवळ बियाणे व खते यांवरच नव्हे, तर गावाच्या संपूर्ण जमाखर्चावर संशोधन करावे. काही ठरावीक गावे घेऊन दर दहा वर्षांनी त्यांची पुन्हा पाहणी करावी, म्हणजे धोरणाचे फळ कसे आले हे कळेल. विद्यार्थ्यास पदवी देण्यापूर्वी एका गावाचा असा हिशेब त्याने स्वतः केलेला असावा.

तिसरी, तुकड्यांच्या प्रश्नावर नुसती बंदी न ठेवता, स्वखुशीने जमिनीची अदलाबदल करणाऱ्या, विहीर व अवजारे सामाईक ठेवणाऱ्या आणि मालकी वेगळी ठेवून एकत्र कसणाऱ्या भावाभावांस व शेजाऱ्यांस सवलत द्यावी. ज्या वाटण्या प्रत्यक्षात झाल्या आहेत, त्यांची नोंद सरळपणे होण्याची वाट मोकळी करावी. जी गोष्ट शेतात आहे ती कागदावर नसणे हे कोणाच्याच हिताचे नाही.

चौथी, सरकारच्या तज्ज्ञ समित्यांचे अहवाल, त्यांत शेतकऱ्यांनी नोंदविलेल्या हरकतींसह, निर्णयापूर्वी प्रसिद्ध व्हावेत. निर्णयानंतर आलेला अहवाल म्हणजे पेरणी आटोपल्यावर आलेला पंचांगकर्ता होय.

डॉ. मॅन १९२७ साली निवृत्त होऊन इंग्लंडास गेले, व ज्या वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर त्यांनी उमेदवारी केली होती तेथेच पुन्हा कित्येक वर्षे त्यांनी काम केले. दख्खनचा मात्र त्यांस विसर पडला नाही. १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील पाऊस आणि दुष्काळ यांवर त्यांनी लिहिलेला अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्या वेळी त्यांचे वय ८० च्या पुढे होते. १९६१ साली ते वारले. नोकरी संपली तरी हिशेब संपला नाही, अशी ही वृत्ती. आपल्या विद्यापीठांतून व खात्यांतून अशा वृत्तीची माणसे असावीत अशी इच्छा आपण सर्वच करतो. परंतु तेवढ्याने भागत नाही. मोजणारा खरा असावा, त्याच्यापुढे मांडणारा शेतकरी खरा असावा, आणि या दोघांच्या कामास शेतात पारखून घेण्याइतका धीर सरकारजवळ असावा. या तिन्हींपैकी मधली गोष्ट तर सर्वस्वी आपल्या हातची आहे. यंदाच्या खरिपापासून प्रत्येक सभासदाने आपल्या शेताची जमाखर्चाची वही खरी लिहावी आणि संघाच्या वार्षिक सभेत ती पुढे ठेवावी, एवढी आमची विनंती आहे. पन्नास वह्या खऱ्या जमल्या, तर सरकारपुढे उभे राहताना आपल्या हातात तक्रार न राहता पुरावा राहील.